पुतण्याची नखं

आबांच्या दहाव्याला पोपटरावांनी भावकीची नखं गोळा केली, तेव्हा सगळ्या घाटानं त्यांचं कौतुक केलं होतं. न्हाव्यानं ओळीनं बसलेल्या अकरा जणांच्या डोक्यांवरून वस्तरा फिरवला, मग नेलकटरनं नखं काढली, आणि पोपटराव आपल्या ताज्या तुळतुळीत डोक्यावर टॉवेल टाकून, वाकून, लोकांच्या पुढ्यातली नखं कागदात घेत होते. कुणाच्या पायाखाली यायला नकोत म्हणून. "कर्ता माणूस असा आसतो," एक पाहुणा म्हणाला. त्याला दुजोरा देणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. तीस वर्षं दौंडच्या कोर्टात वकिलांकडे कारकुनी करणाऱ्या माणसाला एवढं तरी दिसायला हवं होतं, की पायाखाली येऊ नयेत म्हणून उचललेल्या नखांना एक पुडी पुरते. पोपटरावांच्या हातात दोन होत्या.

दुसरी पुडी नवनाथच्या नखांची होती, हे कळायला आठ महिने गेले.

आबांना दोन मुलगे. थोरले पोपटराव, गाव त्यांना आप्पा म्हणतं. धाकटा ज्योतिबा, ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले वीस दिवस बाहेर आणि दहा दिवस घरी झोपा काढणारा, पण कुणाच्या अध्यात नसलेला माणूस. त्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला, तो नवनाथ. नऊ वर्षं आणि ट्रक, या दोन गोष्टींवरून आमच्या भांडगावात काय बोललं गेलं असेल ते सांगायची गरज नाही. ज्योतिबा असेपर्यंत ते त्याच्या कानाआड बोललं गेलं. कावीळ होऊन तो गेला, तेव्हापासून बायकोच्या तोंडावर.

त्याची बायको सविता मग मुलाला घेऊन शिरूरला गेली. तिथल्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. मुलाला डिप्लोमा करायला लावला. आता तो चोवीस वर्षांचा आहे, रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे, आणि कंपनीच्या बसनं जातो-येतो. आबा होते तोवर वाटपाचा विषय तिनं काढला नाही. आबा गेल्यावर काढला, तर आप्पा म्हणाले, "बघू." शेतकऱ्याच्या घरात 'बघू' म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. तिनं दौंडला येऊन वाटपाचा दावा लावला. वकील करुणाताई, आणि त्यांचा कारकून मी, मच्छिंद्र.

दाव्याला उत्तर म्हणून पोपटरावांच्या वकिलानं एक अर्ज दिला आणि त्याला एक अहवाल टाचला. अहवाल परराज्यातल्या कुठल्याशा खासगी लॅबचा. गुळगुळीत कागद, वर रंगीत शिडीचं चित्र, आत आकड्यांचे दोन रकाने, आणि खाली एक वाक्य: पहिला आणि दुसरा नमुना एकाच पितृवंशातले असल्याचे आढळत नाही. पहिला नमुना पोपटराव, दुसरा नवनाथ. अर्जात मागणी अशी, की हा मुलगा आमच्या ज्योतिबाचा नाही, सबब कोर्टानं त्याची सरकारी डीएनए चाचणी करावी.

हा कागद करुणाताईंनी ऑफिसात मायलेकांना वाचून दाखवला. ताई वयानं सविताच्या धाकट्या बहिणीएवढ्या; पण वाईट कागद वाचताना आवाज वर-खाली होऊ द्यायचा नाही, हे त्यांना पहिल्या वर्षीच जमलं होतं. नवनाथचे कान लाल झाले.

"मॅडम, देऊन टाकू ना रक्त," तो म्हणाला. "एक सुई टोचायची हाय. तोंडं तरी बंद व्हतील."

"आज आप्पांच्या तोंडासाठी दिलंस, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडासाठी?" ताई म्हणाल्या. "रक्त तुझं आहे, नवनाथ. तू कुणाचा मुलगा हे तुझ्या बापानं हयातीत कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क असलाच तर त्याचा होता. चुलत्याचा नाही."

"पर कोर्टानं सांगितलं तर?"

"कोर्ट सहजासहजी सांगत नाही. नवरा-बायको नांदत असताना झालेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. जुना कायदाही, नवाही. ते मोडायचं तर दोघांची भेटच शक्य नव्हती, असं दाखवावं लागतं. महिन्यातले दहा दिवस ज्योतिबाभाऊ घरी होते. झोपलेले का असेनात."

नवनाथला हसू आलं. मी सविताकडे बघत होतो. तीस वर्षांत माझी सवय अशी झाली आहे, की समोर माणूस बसला की त्याचं काय खरं आणि काय बोलण्यापुरतं, याची मनातल्या मनात मांडणी चालू होते. रक्त द्या, असं सविता म्हणाली नाही. देऊ नका, असंही म्हणाली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. करुणाताईंनी तिला काही विचारलं नाही. मी पुढं बरेच दिवस वाट पाहिली, की ताई एकटीला गाठून विचारतील. त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीही तो रकाना कोरा सोडला. आणि तो तसाच राहिला याचं मला आज बरं वाटतं.

अर्जाच्या नकला करताना मात्र माझ्या हाती एक मजा लागली. पोपटरावांच्या वकिलानं लॅबकडून आलेला गठ्ठा न सोडवता जसाच्या तसा दाखल केला होता, आणि अहवालाच्या मागं, शेवटच्या पानावर, लॅबचा संमतीचा फॉर्म होता. ज्याचा नमुना, त्याची सही, असा नियम. पोपटरावांनी स्वतःच्या फॉर्मवर सही केली होती. नवनाथच्या फॉर्मवरही त्यांचीच सही होती, आणि शेजारी त्यांच्या गोल, ठासून लिहिलेल्या अक्षरात लिहिलं होतं: नमुना देणाऱ्याशी नाते, सख्खा पुतण्या. संमती कोण देत आहे: एकत्र कुटुंबाचा कर्ता या नात्याने.

मी ते पान ताईंसमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"मच्छिंद्रमामा, हे त्यांनी मुद्दाम नाही ना केलं?"

"मुद्दाम कशाचं? हातच तसा वळलाय," मी म्हणालो. "सोसायटीचा फॉर्म असो, विजेचं कनेक्शन असो, पाइपलाइनची परवानगी असो, घरातल्या अकरा माणसांच्या वतीनं ह्यांचीच सही. ज्योतिबाचं लायसन काढताना त्याची सहीसुद्धा हेच करायला निघाले होते. आरटीओवाल्यानं अडवलं म्हणून."

तोच माणूस, तीच सवय. ज्याला घराबाहेर काढायचं, त्याच्या वतीनं घरचा कर्ता म्हणून सही ठोकली. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसानं निदान पुतण्याच्या नावाची खोटी सही तरी केली असती.

सुनावणीच्या दिवशी मायलेक शिरूरहून पहिल्या गाडीनं आले. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्याच्या एका टोकाला ते दोघं, आणि दुसऱ्या टोकाला तुळजाबाई. आबांच्या मागं राहिलेल्या. पोपटराव आणि ज्योतिबाची आई. दाव्यात त्यांनाही प्रतिवादी केलेलं होतं, म्हणून पोपटरावांनी त्यांना सोबत आणलं होतं. तुळजाबाईंना ऐकायला येत नाही, असं घरात सगळे धरून चालतात. माझं निरीक्षण असं, की त्यांना सोयीचं तेवढं येतं, आणि गैरसोयीचं जरा जास्तच. सविता सासूच्या, तिच्या आत्याबाईंच्या, पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि परत समोरच्या भिंतीकडे बघायला लागल्या. पोपटराव लांब, जिन्याजवळ वकिलाशी बोलत होते.

नवनाथ रात्रभर तो अहवाल वाचत बसला होता. करुणाताई आल्या तसा तो उठून उभा राहिला आणि भरभर बोलायला लागला.

"मॅडम, आमच्याकडं दोन पार्ट एकमेकाला बसले न्हाईत, तर आपण दोन्ही बाजूला ठिवतो. कुठला बाद त्ये लगेच न्हाई म्हणत. मास्टर पीस आणतो, दोन्ही त्याला लावून बघतो, तवा कळतं. ह्या कागदात मास्टर पीस कुठं हाय? माझा आन् आप्पांचा जुळत न्हाई, एवढंच लिवलंय. माझा चुकला आसं कुठं लिवलंय? आबांचा नमुना आसता तर गोष्ट येगळी. आबा तर गेले. मग आप्पाच कशावरून..."

वाक्य तिथंच राहिलं, कारण सवितानं हात पुढं करून त्याच्या तोंडावर ठेवला होता. चोवीस वर्षांच्या, मिशा फुटलेल्या मुलाच्या तोंडावर, भर व्हरांड्यात.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला तुळजाबाई भिंतीकडे बघत होत्या. फक्त त्यांचं पान चघळणं थांबलं होतं.

ताईंनी दोघांना जरा पलीकडे, नोटरीच्या टेबलाजवळ नेलं. मीही गेलो. "तो म्हणतो ते बरोबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी हे कोर्टात एका वाक्यात मांडू शकते. तो अहवाल त्यांच्यावरच उलटेल. नखं मिसळली असतील, लॅब चुकली असेल, हे सगळं म्हणता येईल. पण सगळ्यात जड वाक्य हेच. मांडू?"

"न्हाई," सविता म्हणाली.

"आई! अगं आपण जिकू."

"जिकू, आन् संध्याकाळी आत्याबाई गावात कुठल्या तोंडानं उतरतील?" ती मुलावर खेकसली. मग ताईंकडे वळली. "माझ्याबद्दल बोलत्यात त्याला चोवीस वर्सं झाली. मला सवय हाय. त्यांना ह्या वयात नवी सवय लावायची न्हाई. ज्या दिशी ह्याच्या बापाला मूठमाती दिली, त्या रातीला ह्याच एकट्या माझ्याजवळ..." ती थांबली. "त्ये जाऊ द्या. आत्याबाईंवर न्यायचं न्हाई. बाकी काय आसंल त्ये बोला."

"मग आपल्याकडे कायदा आणि एक फॉर्म, एवढंच उरतं. अर्ज मंजूर झाला तर नवनाथला नमुना द्यावा लागेल. ते चालेल?"

सवितानं फार वेळ घेतला. व्हरांड्यातून शिपाई नावं पुकारत गेला, एक वकील कुणावर तरी ओरडत गेला, आणि ती त्या टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत उभी राहिली. एवढा वेळ तिनं का घेतला, याचे दोन हिशेब होऊ शकतात. मी एकही केला नाही.

"चालंल," ती म्हणाली. "पर त्यांच्यावर न्हाई."

सुनावणी अर्धा तास चालली. पोपटरावांचे वकील पट्टीचे. विज्ञान, सत्य, वडिलोपार्जित इस्टेटीची शुद्धता असे मोठमोठे शब्द त्यांनी एकापुढं एक लावले. मग म्हणाले, "साहेब, अहवाल दाखल होऊन तीन महिने झाले. वादींनी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. उत्तर नाही म्हणून काढलेला नाही."

न्यायाधीशांनी करुणाताईंकडे पाहिलं. "अहवालाच्या निष्कर्षाबद्दल तुमचं काही म्हणणं?"

ताईंनी मागं वळून पाहिलं. सवितानं मान हलवली. एवढीशी, पण मी बघत होतो, आणि माझ्यापलीकडे बसलेल्या तुळजाबाईही बघत होत्या.

"निष्कर्षाबद्दल काही नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "तो वाचायचाच नाही, एवढं म्हणणं आहे. तो वाचायला ज्याची परवानगी लागते, त्यानं ती दिलेली नाही. कृपया शेवटचं पान बघावं."

साहेबांनी शेवटचं पान काढलं. वाचलं. मग थेट पोपटरावांकडे पाहिलं. "ही सही कोणाची?"

पोपटराव उभे राहिले. "माझीच, साहेब."

"नवनाथ सज्ञान आहे. त्याच्या वतीनं तुम्ही सही कशी केलीत?"

"साहेब, घरातल्या समद्यांच्या सह्या मीच करतो. पहिल्यापास्नं. मी कर्ता हाय ना."

"म्हणजे नवनाथ तुमच्या घरातला."

पोपटरावांचं तोंड 'व्हय' म्हणायला उघडलं. त्यांच्या वकिलानं कोटाची बाही ओढली, तेव्हा ते तसंच उघडं राहिलं. कोर्टात कुणी हसलं नाही. हसू गिळायचा अनुभव असलेली माणसं तिथं पुष्कळ असतात.

"साहेब, फॉर्म तांत्रिक बाब आहे," वकील म्हणाले. "शास्त्र तर शास्त्रच आहे."

"शास्त्राबद्दल मला शंका नाही," साहेब म्हणाले. "शास्त्राला प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला आहे, एवढंच मी बघतोय."

संध्याकाळी पाचच्या आत आदेश झाला. अर्ज नामंजूर. मूल विवाहात झालेलं, बापानं हयातीत कधी नाकारलेलं नाही, भेट अशक्य होती असं कुणाचंच म्हणणं नाही. चुलत्याच्या संशयाखातर मोठ्या झालेल्या माणसाच्या शरीराचा नमुना मागता येणार नाही. आणि त्याच्या नकळत काढलेला अहवाल विचारात घेता येणार नाही. करुणाताईंनी व्हरांड्यात ते सोप्या मराठीत सांगितलं. नवनाथ म्हणाला, "म्हंजी झालं?" सविता खाली बसली. नुसती, जमिनीवर, भिंतीला टेकून. आणि म्हणाली, "ताई, पानी मिळंल का?" मी बाटली आणून दिली. तिनं ती पूर्ण संपवली आणि मग ताईंचा हात धरला, तो सुटेना.

पलीकडे पोपटरावांचे वकील जोरात सांगत होते, "काळजी करू नका, आप्पा. हायकोर्टात जाऊ. तिथं मात्र ते दुसरी बाजू काढतील. तुमचा नमुना मागतील, आईंचा मागतील. मागू देत. आपल्याला कसली भीती?"

पोपटरावांनी वकिलाच्या हातातला अहवाल ओढून घेतला. हा माणूस विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब तोंडी करतो, त्याला बेरीज करायला वेळ लागत नाही. तरी ही बेरीज त्यांनी इतक्या महिन्यांत केली नव्हती. ती आता, एका मिनिटात झाली. त्यांनी वकिलाकडे पाहिलं, मग अहवालाकडे, मग आईकडे. आईकडून नजर झटकन काढून घेतली.

तुळजाबाई उठल्या. काठी टेकत लेकाजवळ आल्या.

"पोपट," त्या म्हणाल्या, "बास."

"आये, तुला काय समजत न्हाई ह्यातलं."

"न्हाई समजत. म्हणूनच म्हंते बास."

पोपटरावांनी अहवाल काखेत मारला. मग माझ्याकडे आले. विरुद्ध पक्षाच्या कारकुनाकडे! आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मच्छिंद्र, ह्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल मलाबी मिळंल का?"

"मिळंल की आप्पा. पण तुम्ही तर हरलाय."

"व्हय. तरी पायजे. ह्यात लिवलंय ना, की कुनाचा नमुना कुनाला असाच मागता येत न्हाई म्हनून?"

"लिहिलंय."

"कुनाचाबी?"

"कुणाचाबी, आप्पा."

हरलेल्या माणसानं अपिलासाठी नव्हे, तर जपून ठेवायला निकालाची नक्कल मागून घेतलेली मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली. पुढं कळलं, त्यांनी ती लॅमिनेट करून सातबाऱ्याच्या फायलीत सगळ्यात वर ठेवली आहे. मी चेष्टा करतो, पण मनातून त्यांच्या जमेलाच धरतो. आपल्याला कशानं वाचवलं हे ओळखणारी माणसं थोडी. आणि ते आपल्याच विरुद्धच्या निकालानं वाचवलं, हे कबूल करणारी त्याहून थोडी.

तडजोड दीड महिन्यात झाली. ज्योतिबाच्या वाट्याची जमीन नवनाथ आणि सविताच्या नावावर, तुळजाबाईंचा हिस्सा त्यांच्या नावावर, हायवेकडची बाजू दोन्ही घरांना सारखी. मोजणीच्या दिवशी पोपटराव स्वतः टेप धरून उभे होते, आणि बांधावरचं चिंचेचं झाड 'पोराकडं राहू द्या' म्हणाले. पोरानं 'आप्पा, चहा घ्या' म्हटलं. एवढंच बोलणं झालं. पण भावकीतलं बोलणं एवढंच असलं तर ते पुष्कळ असतं.

तडजोडीवर अंगठा देताना तुळजाबाईंनी करुणाताईंना विचारलं होतं, "ती नखं आता कुठं हायती?"

"लॅबकडे असतील, आजी. आणि नखांवरून काढलेले आकडे त्यांच्या कॉम्प्युटरात."

"म्हंजी माझ्या घरातलं तिकडं परक्याकडं पडून हाय."

"हो."

"आणवता येतं?"

"आणवता नाही. पण पुसून टाकायला लावता येतं."

ताईंनी लॅबला नोटीस पाठवली: नमुना संमतीशिवाय घेतलेला, सबब नमुना आणि नोंदी नष्ट करून तसं लेखी कळवा. लॅबवाले घाबरले असावेत. त्यांनी लगेच दोन अर्ज पाठवले, ज्याचा नमुना त्यानं आपापली सही करावी. चुलता-पुतण्या एका टेबलाशी बसले. पोपटरावांनी आपला अर्ज तीनदा वाचला, सही केली, आणि दुसरा कागद पुतण्याकडे सरकवला. त्याला पेनही आपलंच दिलं.

महिन्याभरानं लॅबचं पत्र आलं. नमुने नष्ट, नोंदी नष्ट. सविता ते घ्यायला सुट्टी काढून दौंडला आली. मी फोन केला होता म्हणून तुळजाबाईही आल्या होत्या, भांडगावहून वडापच्या जीपनं. हातात कापडी पिशवी. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी ते पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं, मागच्या बाजूला काही नाही याची खात्री केली.

"पुसलं म्हंतीस?"

"पुसलं, आजी," ताई म्हणाल्या.

"देव तुझं भलं करो, बाई. ज्यानं हा कायदा लिवला त्याचंबी." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "मला त्या दिशी बाकड्यावर समदं ऐकू आलतं."

सविता गोंधळली. "काय, आत्याबाई?"

"तू पोराच्या तोंडावर हात ठिवलास."

"त्याला खोकला आलता," सविता म्हणाली.

तुळजाबाईंनी तिच्याकडे चांगलं निरखून पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "कंपनीत धूळ लई आसती."

मी नसलेलं काम शोधून कपाटाकडे वळलो. करुणाताईंनी पत्राची एक प्रत काढली आणि दोघींना एकेक दिली.

"शिरूरच्या तुझ्या खोलीत किती जनं मावत्यात?" तुळजाबाईंनी विचारलं.

"दोघं. नवनाथची दुसरी पाळी आसली की जरा ऐसपैस."

"ह्या आठवड्यात कुठली पाळी हाय?"

"दुसरीच."

"मग चल. चार दिस येते. पोपटला सांगून आलेय." त्यांनी पिशवी उचलली. तिच्यात लुगडी होती. सांगून आल्या होत्या, म्हणजे ठरवूनच आल्या होत्या. सविता पिशवी घ्यायला पुढं झाली, तर त्या सोडेनात. शेवटी एक बंद एकीनं आणि एक बंद दुसरीनं धरला, आणि दोघी स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या, न्हावऱ्यावरून शिरूरला जाणारी गाडी सुटायच्या आत.